भिंतीवरचा तेजोमेघ

सर, आज शाळेची भिंत रंगवायला आलो, अन् निघाली ती तुमची भिंत. मी आता पेंटर हाय, कॉम्प्रेसर-गनवाला. तुमी आमच्याकडनं रंगवून घेतलेला तेजोमेघ अजून हाय तिथं, उन्हानं लई फिका पडलाय. मोठ्या बाईंना वाटलं, ओल आलीय.

तो दिवस अजून दिसतो: मी आठवीत, काष्टीचा बैलबाजार म्हणून वर्गातली निम्मी पोरं गायब हायेत. तुमी भिंतीवर लाल ठिपका देता, म्हनता, हा लई मोठा तारा. भोवती पातळ गेरू फासायला लावता. "हा तारा फुगला की आपलाच गॅस हळूहळू सोडतो. मग त्याच्यातनंच कडक वारा सुटतो, आधीच्या गॅसला गाठतो, रेटतो. मधी मोकळं, कडंला ढीग. अन् ताऱ्याच्याच उजेडात ती कड चमकते." तो वारा मारायला सायकलचा पंप माझ्या हातात आला. भिंतीवर वारा मारून झाल्यावर मी पंपात गेरू ओढला अन् एक दट्टा तुमच्या शर्टावर. वर्ग खिदळला. तुमी शर्टाकडं बघून म्हनलात, "नापास. वारा बाहेरून आला." दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून आलात. मी नववीत असताना तुमी वारलात.

आज हे सगळं बाईंना सांगितलं. "छान आहे रे," बाई म्हनल्या, "पण तपासणीला साहेब येणारेत. इथं सुविचार लिहायचाय." मग मी गनचं नोझल खिशात घातलं अन् आमच्या ठेकेदार शेठला म्हनलो, हरवलं. शेठनं डब्यातनं दुसरं काढून दिलं. "अन् लेका, खिशातलं बी ठेव डब्यात."

मारला पांढरा. ठिपक्यापाशी आल्यावर मात्र गन लई जवळ धरली, प्रेशर वाढवलं. ओला रंग बाजूला पळाला, गोल कड साचली, मधी तुमचा लाल तारा उघडा. तुमी शिकवलं तसंच, सर. मागनं शेठ म्हनला, "प्रेशर उतरव, मधलं दिसतंय. का दुसऱ्याला देऊ गन?"

न्हाई दिली. प्रेशर उतरवलं अन् ताऱ्यावर दुसरा हात मीच फिरवला. दुसऱ्याचा हात त्याच्यावर बघवला नसता.

आता जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्यावर हे लिहितोय. गन चालू करायच्या आधी आमी एक फवारा पुठ्ठ्यावर मारून बघतो. शेठ हाक मारतोय, फवारा मारायला ह्योच पुठ्ठा घेतो. तिकडं दुसरा पडलाय, खरं सांगायचं तर. पण हे पाठवू कुठं?