मारुंजीच्या अकरा घोड्यांसाठी

मी, डॉ. हिरा कोंडीराम ओव्हाळ, वय वर्षे ६७, धंदा पशुवैद्यक (निवृत्त म्हणतात, पण घोड्यांना ते कोणी कळवलेले नाही), राहणार नारायण पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. आणायचा प्रयत्न दोन बिल्डरांनी केला, त्यांना चहा पाजून परत पाठवले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. सापडल्यास ते खोटे समजावे.

खाली लिहिलेली सर्व मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे. मी लग्न केले नाही. माझे बंधू भीमराव हयात नाहीत. त्यांचा मुलगा संजय, त्याची पत्नी आणि मुलगी चैताली एवढेच माझे जवळचे वारस.

१. नारायण पेठेतील राहता फ्लॅट मी चैतालीला देत आहे. तो तिने विकू नये अशी अट नाही, पण विकण्यापूर्वी तो कसा मिळाला हे तिला माहीत असावे. नोकरीला लागले तेव्हा याच जागेवर श्री. रंगनाथ लवाटे यांचे जुने घर होते आणि त्यात दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. मी चौकशीला गेले. माझे आडनाव ऐकल्यावर त्यांनी, तुमच्या कपड्यांना घोड्यांचा वास येतो, शेजाऱ्यांना त्रास होईल, असे सांगितले. त्या दिवशी मी तबेल्यात गेलेच नव्हते. पुढे घर पाडून इमारत झाली तेव्हा पहिला फ्लॅट मी नोंदवला. रंगनाथरावांचे चिरंजीव श्रीधर माझ्या शेजारी राहतात. मी आजारी असताना रोज सकाळी दूध तेच आणून देतात. या मृत्युपत्रावर ते साक्षीदार असल्याने मी त्यांना काही देणे बरे दिसत नाही, आणि त्यांनाही काही नको आहे. हिशेब मिटला असे लिहून घ्यावे.

२. माझे वडील कोंडीराम पुण्याच्या रेसकोर्सवर सईस होते. घोड्याला चारा-पाणी, मालिश, पहाटेचा फेरा, सगळे सईस करतो. १९५६ नंतर आमच्या घरातून देव्हारा गेला आणि भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आले. वडिलांनी गावकीची सगळी कामे सोडली, तबेला सोडला नाही. घोडा मला जात विचारत नाही, एवढेच म्हणाले. मी लहान असताना त्यांनी मला एकदा सकाळच्या सरावाला कुंपणापाशी उभे केले. धुक्यात काहीच दिसत नव्हते. आधी पायाखालची जमीन हलली, मग आवाज आला, आणि मग धुके फाडून पाच घोडे समोरून गेले. त्यांच्या श्वासाची वाफ माझ्या तोंडावर आली. मी रडले, असे वडील सांगत. भीतीने नव्हे, हे मला आजही पक्के आठवते. त्यानंतर मी दुसरे काही व्हायचा विचार केला नाही. मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयात मी गेले ते त्या सकाळमुळे.

वडिलांचा खरारा, ज्याने ते घोड्याचे अंग साफ करत, तो डॉ. आम्रपाली जगधने यांना द्यावा. ही मुलगी माझ्यानंतर मारुंजीच्या माझ्या तबेल्यातले घोडे तपासते. खरारा तिने भिंतीवर टांगू नये, वापरावा.

३. माझी पुस्तके, एक्स-रे आणि हाडांचा संग्रह पशुवैद्यक महाविद्यालयाला. माझा देहसुद्धा वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. रक्षा, दशक्रिया यांचा प्रश्न उद्भवत नाही. त्रिशरण आणि पंचशील घरी म्हणावे, भाषणे नकोत.

४. चांदीचा करंडक श्री. केयूर भागवत यांना परत करावा. याचे कारण थोडे लांब आहे.

नव्वदनंतर शर्यतीचे जग बदलले. परदेशी घोडे आणि परदेशी रक्त यायला लागले, आणि जुन्या संस्थानिकांच्या जागी संगणकवाले तरुण मालक आले. केयूर त्यांपैकीच, तिशीतला, हुशार आणि मनापासून आनंदी माणूस. त्याने एक तांबूस शिंगरी विकत घेतली आणि तिचे नाव ठेवले 'ब्रॉडबँड'. सईस समाधान तिला चिमणी म्हणत असे, कारण आली तेव्हा ती अगदीच लहानखुरी होती. चिमणी पळायला लागली की लोक तिच्यावर लावलेले पैसे विसरून तिच्याकडे बघत राहत. हे मी चाळीस वर्षांत फार थोड्या घोड्यांच्या बाबतीत पाहिले. हा करंडक तिनेच जिंकलेला.

२००१च्या पावसाळी हंगामात, शेवटच्या वळणावर, तिच्या पुढच्या डाव्या पायाचे खुराच्या वरचे हाड मोडले. अशा वेळी घोड्याभोवती हिरवे पडदे धरतात आणि पशुवैद्य आत जाऊन इंजेक्शन देतो. तो पशुवैद्य मी होते. केयूर मुंबईत होता. त्याची कंपनी त्याच महिन्यात बुडाली होती. मी त्याला फोन केला.

तो म्हणाला, "संपवा, डॉक्टर. मला काहीच सांभाळता येणार नाही आता."

मी पडद्याआड सिरिंज भरून उभी होते. घोडा जखमी झाला की धडपडतो, उठायला बघतो, आणि मोडलेले हाड आणखी मोडून घेतो. चिमणी हलली नाही. तीन पायांवर उभी राहिली, चौथा अलगद उचलून धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी एवढे घोडे संपवले आहेत, पण दुखणे कळून असा स्थिर उभा राहिलेला घोडा पाहिला नव्हता. मी सिरिंज रिकामी केली आणि समाधानला गाडी आणायला सांगितली.

तिला प्लास्टर घातले, कॅनव्हासच्या झोळीत टांगून ठेवले. समाधान तिच्या शेजारी खाट टाकून झोपायचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिने तो पाय जमिनीवर टेकला. केयूरने कागद माझ्या नावावर करून दिले आणि करंडकही पाठवून दिला. घरात ठेववत नाही म्हणाला. माझा त्याच्यावर राग होता, तो आता नाही. फक्त करंडक त्याला पोस्टाने पाठवू नये. त्याने मारुंजीला येऊन, चिमणी समोर असताना, आपल्या हाताने घ्यावा.

५. मारुंजी येथील पाच एकर जमीन. ही मी माळरान असताना घेतली. तेव्हा तिकडे संध्याकाळी यायला लोक घाबरत. आता हिंजवडीच्या काचेच्या इमारती कुंपणाला येऊन भिडल्या आहेत. चिमणीनंतर एकेक करत इतर आले. कोणाचा मालक मेला, कोणाचा कंटाळला, कोणी पळायचा थांबला म्हणून वरातीला विकला जाणार होता. आज तिथे अकरा आहेत.

शर्यतींचे पुढे काय होणार, हे मला नेहमी विचारतात. तरुण माणसे रेसकोर्सवर येत नाहीत. ज्याला पैसे लावायचे तो घरबसल्या मोबाइलवर क्रिकेटवर लावतो. करांनी तिकीटखिडकी रिकामी केली, सईसांची मुले कॉल सेंटरमध्ये गेली, आणि शहराच्या मधोमध एवढी हिरवी जमीन कशाला, असे म्हणणारे वाढले. यांतल्या कशावरही माझ्याकडे औषध नाही. पण मालकांच्या एका बैठकीत मी एवढेच म्हणाले होते, की चार-पाच वर्षे पळून घोडा पुढे वीस वर्षे जगतो, त्या वीस वर्षांची सोय तो विकत घेतानाच करा. नाहीतर एक दिवस लोक तुम्हाला बंद करतील आणि ते बरोबर असेल. सर्वांना विचार पटला. मग जेवण वाढले.

संजय हिंजवडीच्या एका कंपनीत आहे. जमीन विकावी असे त्याने मला अनेकदा, अतिशय सभ्यपणे सुचवले. त्याचे चुकत नव्हते. त्याला त्या जागेचा भाव माहीत होता आणि मी एकटी म्हातारी बाई होते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, सकाळी कामाला जायच्या वेळी, शेजारच्या बांधकामावर सुरुंग उडाला आणि आमची भिंत पडली. मी आणि समाधान धावत पोचेपर्यंत घोडे बाहेर पडले होते. समोर आयटी पार्कचा नवा रस्ता होता, रुंद, एका वळणापुढे सरळ, वाहतुकीला अजून खुला न झालेला. शेजारच्या जुन्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक अडकलेल्या. घोडे घाबरून एकमेकांना चिकटून उभे होते. मग चिमणीने मान वर केली, एक पाऊल टाकले, आणि ती सुटली. बाकीचे तिच्यामागून.

मी पशुवैद्य आहे. डांबरावर त्या वयाच्या घोड्याचे कुठले हाड कुठे मोडेल हे मला ठाऊक होते. मी ओरडायला हवे होते. मी बघत उभी राहिले. अकरा म्हातारे, लंगडे, टाकून दिलेले घोडे एका ओळीत आले, वळणावर आत झुकले आणि सरळ रस्ता दिसताच त्यांनी वेग वाढवला. जणू कोणी समोर रेषा आखून ठेवली होती. जमीन हलत होती. चिमणीचा तो पाय टेकत होता, सुटत होता, टेकत होता. ज्या पायासाठी मी सिरिंज भरली होती तोच तिला पुढे नेत होता. बसमधली माणसे खाली उतरून उभी राहिली होती. एकाही गाडीचा हॉर्न वाजला नाही. पुण्यात हे मी पुन्हा पाहीन असे वाटत नाही.

मग ते आपले आपण थांबले आणि मान खाली घालून चालत परत आले.

त्यांतल्या एका बसमधून संजय उतरला होता. त्याने जन्मात घोड्याला हात लावला नव्हता. चालत आला आणि चिमणीच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. तिचे अंग घामाने निथळत होते.

"आत्या, यांना पळायला कोणी सांगितलं नव्हतं ना?" त्याने विचारले.

मी नाही म्हणाले. तो दोऱ्या धरून आमच्याबरोबर घोडे आत घेऊन आला. त्या दिवशी कामावर गेला नाही.

तरी ही सर्व जमीन, त्यावरील तबेला आणि माझ्या बँकेतील शिल्लक मी या घोड्यांच्या सांभाळासाठी स्थापन करायच्या विश्वस्त संस्थेला देत आहे. मुख्य विश्वस्त आणि या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक डॉ. आम्रपाली जगधने राहतील. समाधानने हयात असेपर्यंत तिथल्या घरात राहावे. त्याला कोणी उठवू नये. तेथे पैज लावू नये, सहलीच्या फेऱ्या मारू नयेत, घोडा वरातीला देऊ नये. जो मालक आपला घोडा आणेल त्याने स्वतः दोरी धरून आत आणावा, ड्रायव्हरबरोबर पाठवू नये. शेवटचा घोडा गेल्यावर जमीन पशुवैद्यक महाविद्यालयाला द्यावी.

६. संजयला मी जमिनीतील हिस्सा दिलेला नाही. लोक याचा वेगळा अर्थ लावतील, म्हणून खुलासा करते. पहिल्या मसुद्यात मी पूर्ण जमीन, घोड्यांसह, त्याच्याच नावावर लिहिली होती, कारण रस्त्यावरचा त्याचा चेहरा मी पाहिला होता. मसुदा त्याला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला आणि घडी घालून माझ्या हातात परत ठेवला.

"माझं नाव काढ, आत्या," तो म्हणाला. "आज मला वाटतं की मी विकणार नाही. पण हप्ते थकतील, चैतालीचं शिक्षण येईल, आणि मी विकीन. मला विकता येणार नाही असं काहीतरी लिही."

ते मी वर लिहिले आहे. तो समोर बसून होता आणि जिथे पळवाट राहत होती तिथे बोट ठेवून दाखवत होता.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष त्यावर सही करीत आहे.

(सही) हिरा कोंडीराम ओव्हाळ

साक्षीदार:
१) श्रीधर रंगनाथ लवाटे, नारायण पेठ, पुणे (सही)
२) डॉ. श्यामला निसळ, शनिवार पेठ, पुणे (सही)
लिहून देणाऱ्या बाईंनी आमच्यादेखत, शांतपणे, चष्मा पुसून सही केली.

स्थळ: पुणे
दिनांक: ३ नोव्हेंबर २००९