तीन शनिवार ध्रुवाची गोष्ट

डोंबिवली,
सोमवार, १८ एप्रिल १९५५

सुमेधा,

सौ. लिहायला अजून आठ दिवस आहेत आणि प्रिय लिहायचा हक्क गेला, म्हणून नुसतं नाव. घरी सगळी बरी असतील.

काल नौपाड्यात, तुझ्या साखरपुड्यात, चित्रा तुझ्या मांडीवर बसेना, तिथे माझं सगळं उलटंपालटं झालं. मी नव्हतो तिथे. तिची आजी विमलाबाई सकाळी शाळेत येऊन सांगून गेल्या. तिच्या वडिलांनी, तुझ्या त्र्यंबकरावांनी, समजावलं, पेढा दाखवला. पोर भिंतीला चिकटून उभी. शेवटी तुला म्हणाली, "तू ढकलशील."

विमलाबाई मलाच म्हणाल्या, गुरुजी, तुमचं ती ऐकते, जरा सांगा तिला.

आमच्याकडे शनिवारी शेवटचा तास देवाच्या गोष्टीचा. मुलं हात जोडून ऐकतात. यंदा कृष्णाच्या गोष्टी नेमून दिल्यात. मी तीन शनिवार ध्रुवच सांगितला. सावत्र आई सुरुची त्याला बापाच्या मांडीवर बसू देत नाही, मूळ गोष्ट एवढीच. माझ्या सुरुचीने त्याला ढकललं, उंबऱ्यावर त्याचं डोकं फुटलं. चित्रा पहिल्या रांगेत होती. हेडमास्तर दारातून ऐकत होते. म्हणाले, वा श्रीपाद, गोष्ट अशी मनावर ठसली पाहिजे.

रागात बोलून गेलो, असं लिहिणार होतो. कॉलेज सोडलं तेही रागातच, आणि तुझ्या बाबांना आपल्या लग्नाला नाही म्हणायला आयतं कारण मिळालं. पण राग तीन शनिवार टिकत नाही गं. माझ्या सुरुचीच्या केसांत अबोलीचा गजरा होता. काल तूही माळला असशील.

मधल्या सुट्टीत चित्राला जवळ घेतलं. सुरुची मनाने चांगली होती म्हटलं, नवी आईसुद्धा चांगली असते म्हटलं. ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी म्हणालो, "बाळ, ती गोष्ट मी खोटी सांगितली."

"हात जोडून ऐकलेली गोष्ट खोटी कशी असेल, गुरुजी?"

तुला याचं उत्तर येतंय का बघ. तिच्यासमोर मला लबाड म्हण, दुष्ट म्हण, काय वाटेल ते म्हण, पण तिला तुझ्या मांडीवर येऊ दे. माझ्या हातून ते होत नाही.

शाळा सुटलीय. राजीनामा लिहून टेबलावर ठेवलाय. शनिवारी मुलांना कोण काय सांगेल, ठाऊक नाही. आता उठतो, बाहेर पडतो आणि वर्गाचं दार लावून घेतो.

तुझा म्हणवत नाही,
श्रीपाद