उलटा पट्टा

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कापड अजून जिन्यातच आहे. ठाण इतकं लांब, की वळणावर ना वर सरकतं, ना खाली. हे खालून रेटताहेत, वरून दुकानाचा हमाल ओढतोय, आणि मी वरच्या पायरीवर बसून तुला लिहितेय, कारण दोघांनीही मला हात लावू नकोस म्हणून बजावलंय. तळमजल्यावरचे डॉक्टर बाहेर निघालेत. कापडाखालून वाकून जावं की थांबावं, याचा विचार करताहेत.

मखमल आहे. गडद लाल. नाट्यगृहाच्या पडद्याची.

आता तू विचारशील, कसला पडदा. त्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांच्या गवसण्या मी शिवल्या, हे तुला माहीत आहे. त्या न्यायला व्यवस्थापिकाबाई स्वतः आल्या. त्यांनी एक गवसणी उलटून शिवण पाहिली आणि विचारलं, रंगमंचाचा पडदा कराल का. मी हो म्हणाले. आधी हो म्हणाले आणि मग घाबरले.

दादा, कारखान्यात मी अठरा वर्षं कॉलर शिवली. बाही दुसरी शिवायची, खिसा तिसरी, काजं चौथी. पूर्ण शर्ट माझ्या हातून एकदाही झाला नाही. घरी मशीन मांडल्यापासून पिशव्या झाल्या, अभ्रे झाले. पण दुरून बघावं आणि हे मी केलं म्हणावं, असं काही झालेलं नाही.

मास्तरांनी माझं कारखान्यातलं मशीन महिनाअखेरपर्यंत रिकामं ठेवलंय. घरचा नाद फिटला की ये, म्हणाले. मायेनेच म्हणाले, म्हणून जास्त लागलं. तर मी असं ठरवलंय, की पडदा नीट झाला तर परत जायचं नाही. बिघडला तर एक तारखेला गुपचूप कॉलर शिवायला बसायचं. हे फोनवर सांगितलं असतं तर तू धरलं नसतंस. तू पोस्टातला माणूस, कागदावर नसलेलं तुझ्या लेखी घडतच नाही. आता लिहिलं, म्हणजे पक्कं झालं.

ठाण हललं. उठते.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ठकी


९ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

पत्र पोचलं. तिकीट अजून वाकडं लावतेस. निवृत्त झालो म्हणून मला दिसत नाही असं समजू नकोस.

आधी हो आणि मग घाबरणं, हे तुझं जुनंच आहे. पोहता येतं का, असं विचारल्यावर तू हो म्हणाली होतीस आणि तलावाच्या मध्यावर तुला आठवलं होतं की येत नाही. कपड्यांनिशी उडी मला मारावी लागली. या खेपेला मी दोनशे मैलांवर आहे, एवढं लक्षात ठेव.

मी असतो तर मास्तरांनी राखलेली खुर्ची धरली असती. लपवून काय करू? मी एका खिडकीमागे सारी नोकरी काढली. खिडकी बंद करायची वेळ ठरलेली असणं हे फार मोठं सुख आहे. घरी बसून काम करणाराला खिडकीच नसते. तू घरात आहेस म्हटल्यावर कोणीही येणार, बसणार, चहा मागणार, आणि तू तो करणार. तू ठेवायला जाशील आधण आणि परत येशील तेव्हा दुपार झालेली असेल.

तेव्हा एक कर. कामाला जायचं तर आधी घराबाहेर पड. रोज ठरलेल्या वेळी चपला घाल, खाली उतर, इमारतीला एक वळसा घाल आणि वर ये. वर येशील ती कामावर आलेली असशील. चपला पायात आहेत तोवर तू घरात नाहीस. कोणी हाक मारली तरी नाहीस. मेहुण्यांना सांग, दादाने सांगितलंय. माझं नाव वाईट झालं तरी चालेल.

वहिनी म्हणते, पडदा झाला की आम्ही बघायला येणार. मी अजून हो म्हटलेलं नाही. मी आधी घाबरतो आणि मग हो म्हणतो.

जीव लावून काम कर, आणि आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा
दादा


१६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा वळसा सुरू केला. पहिल्या दिवशी वर आले तर ह्यांनी दार अर्धवट उघडून विचारलं, कोण पाहिजे. मी म्हटलं, पडदेवाली आहे. आत या म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी हेच चाललंय. डॉक्टर आम्हा दोघांकडे काळजीने पाहतात. मधेच कोणाचा फोन आला तर हे सांगतात, बाई कामावर गेल्यात, संध्याकाळी येतील. मी हाताच्या अंतरावर बसलेली असते. पण खरं सांगू, काम दुप्पट होतंय.

पलंग उभा करून भिंतीला टेकवलाय. जेवणाचं टेबल गॅलरीत गेलंय आणि आम्ही तिथेच, लोकांच्या देखत, जेवतो. तरी पडद्याचा एक पट्टा पुरता पसरायला जागा नाही. तो बाहेरच्या खोलीतून निघतो, दारातून स्वयंपाकघरात जातो आणि ओट्याखाली संपतो. एक टोक मापताना दुसरं दिसत नाही.

मखमलीला लव असते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं आहे. एका बाजूने फिरवला तर गप्प राहते, उलटा फिरवला तर अंगावर येते. सगळे पट्टे एकाच दिशेने जोडायचे, लव खाली. एखादा उलटा लागला तर दिव्यांच्या उजेडात तो निराळ्याच रंगाचा दिसेल. घरातल्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही, म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या पाठीवर खडूने बाण काढून ठेवते. माझे बाण म्हणजे कोंबडीचे पाय. ह्यांनी जन्मभर कचेरीत नकाशे काढले, त्यांना ते बघवत नाहीत. मदत करू का, असं दिवसातून अनेकदा विचारतात. घड्या घालायचं काम दिलंय. फार सुरेख घालतात.

नाट्यगृहात माप घ्यायला शिडीने थेट वरच्या लोखंडी पुलावर चढले. खाली पाहू नका, असं सांगत होते. मी पाहिलं. रंगमंच केवढासा दिसतो, दादा. घाबरले, पण उतरल्यावर.

तुम्ही दोघं या. सव्वीस तारखेला नवीन नाटक आहे, त्या दिवशी पडदा पहिल्यांदा उघडेल. पलंग तोवर आडवा करते.

आठवण काढत राहा, म्हणजे मला उचकी लागून काम थांबेल.

तुझी
ठकी


२२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल पडदा चढवला. सगळ्यांनी छान म्हटलं. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि दिवे लावायला सांगितले.

डावीकडून तिसरा पट्टा काळपट दिसला.

उठून मधल्या रांगेत गेले. तिथूनही दिसला. व्यवस्थापिकाबाई म्हणाल्या, आम्हाला काही कळत नाही, आणि लोक नाटक पाहायला येतात. दिवेवाला म्हणाला, त्या बाजूचा दिवा जरा मंद करतो, मिटून जाईल. दोघंही चांगल्या मनाने सांगत होते. मी म्हटलं, मला दिसतंय, खाली घ्या. चूक माझी आहे, हेही तिथेच सगळ्यांना सांगितलं.

एवढा पडदा परत जिन्यातून वर नेणं शक्य नाही. म्हणून हातगाडीवर घालून मशीनच रंगमंचावर आणलंय. दोन्ही बाजूंच्या टिपा उसवायच्या, वरच्या चुण्या आणि खालची दुमड सोडायची, पट्टा फिरवून पुन्हा सगळं घालायचं. मखमलीत सुईची भोकं राहतात, ती केटलीच्या वाफेवर एकेक बुजवायची. माझ्या भोवती नटमंडळींची तालीम चालू आहे. राजा मला वळसा घालून सिंहासनावर जातो. राणी एकाच वाक्याला अडते. शेवटी मीच मशीन थांबवून तिला पुढचा शब्द सांगितला.

मास्तरांच्या कानावर गेलंय. निरोप आला, खुर्ची आहे, संकोच करू नकोस.

दादा, या वेळी सल्ला देऊ नकोस. सव्वीसला मात्र या. पडदा असला तरी या, नसला तरी या.

रागावला नसशील अशा भरवशावर,

तुझी
ठकी


२३ मार्च

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

मी सहसा लिहीत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण तुमच्या बहिणीने तुम्हाला काय लिहिलं असेल याचा अंदाज आहे, आणि ते जसंच्या तसं तुमच्या कपाटात राहावं, हे मला बरं वाटत नाही.

एका पट्ट्याच्या मागे मला खडूचे पांढरे फराटे दिसले. डाग समजून मी ते ब्रशने स्वच्छ केले. नंतर लक्षात आलं की तो हिचा बाण होता. मी तो पुन्हा काढला. पट्टी लावून काढला, टोकाला दोन्ही बाजूंना सारखा कोन. सगळ्या बाणांत देखणा. फक्त दिशा चुकली. नकाशात उत्तर दिशा कुठे आहे, हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. ती कागदावर वरच असते.

टिपा उसवताना हिला तो बाण दिसला. तसा सरळ बाण घरात दुसरं कोणी काढत नाही. मी शेजारी केटली धरून उभा होतो. हिने बाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी पुन्हा उकळायला सांगितलं.

संध्याकाळी मी म्हटलं की नाट्यगृहाच्या बाईंना मी सांगून येतो, चूक कोणाची ते. ही म्हणाली, काही गरज नाही, कामावर नाव माझं आहे, तर त्यातली चूकही माझीच. मग म्हणाली, तुम्हाला काढून टाकलेलं नाही, पण खडूला हात लावायचा नाही.

दादा, इतक्या वर्षांत मला या बाईचा हेवा वाटेल असं वाटलं नव्हतं. कचेरीत आमच्या चुका खाली ढकलायची पद्धत होती. मी स्वतः त्या पद्धतीने बढती घेतली.

महिनाअखेर जवळ आली. काय ठरवते आहे, ते मला विचारायचं धाडस नाही. तुम्हीही विचारू नये.

घडी मोडू नये तसा स्नेह मोडू नये, ही विनंती.

आपला
मेहुणा


२८ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

सुखरूप पोचलो. वहिनी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिचं म्हणणं, चारचौघांत तिची मान खाली गेली. माझं म्हणणं, माझी वर गेली.

झालं ते असं. आम्ही शेवटच्या रांगेत होतो, तू पुढची तिकिटं दिली होतीस तरी. मला तिथूनच पाहायचं होतं. दिवे लागले. डावीकडून तिसरा पट्टा शोधला. सापडला नाही. उजवीकडून मोजत आलो, तरी सापडला नाही. सगळा पडदा वरपासून खालपर्यंत एका रंगाचा, एका अंगाचा, आणि हवेने जरासा हलला तर सगळा मिळून हलला. मी टाळ्या वाजवल्या. पडदा बंदच होता. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, नाटक सुरू झालं का. मी म्हटलं, तुमचं नाही, आमच्या बहिणीचं झालं.

मग तो उघडला आणि दोन्ही बाजूंना जाऊन मुकाट उभा राहिला. नाटकात काय झालं ते वहिनीला विचार. राणीने एक वाक्य मोठ्यांदा म्हटलं, तेव्हा तू आमच्या पुढे तीन रांगा सोडून बसलेली, आणि तुझे ओठ हलताना मला दिसले.

एकदा मेहुण्यांशी माझी नजरानजर झाली. दोघांनीही आपापले चष्मे पुसले. त्यांनी मला काय लिहिलं ते तुला सांगणार नाही, पण ते पत्र मी जपून ठेवलंय.

मी असतो तर खुर्ची धरली असती, असं मी लिहिलं होतं. ते माझ्याबद्दल होतं. तुझ्याबद्दल मला काही लिहिता येत नाही. ओळखीच्या प्रत्येकाला माझं पडद्याचं सांगून झालंय आणि आता अनोळखी माणसं शोधतोय.

तुझ्या मायेतला माझा वाटा राखून ठेव.

तुझा
दादा


३० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्यांदा वाचलं. टाळ्यांपाशी आल्यावर त्यांना वाचता येईना, मग मी वाचलं.

आज मास्तर घरी आले. आधी नाट्यगृहात जाऊन आले होते. पडदा पुढून पाहिलाच नाही म्हणे, थेट पाठीमागे गेले. जात्या शिंप्याची सवय. उसवून पुन्हा घातलेली टीप त्यांना बोटांनी सापडली, आणि ती कुठली ते त्यांनी बरोबर सांगितलं. चहा घेतला. उठताना म्हणाले, हे माझ्या कारखान्यात झालं असतं तर मी उसवू दिलं नसतं, दिवा मंद करायला सांगितला असता. मशीन मात्र उद्यापर्यंत तुझं आहे.

व्यवस्थापिकाबाईंनी एका शाळेत माझं नाव सांगितलंय. तिथल्या सभागृहाला निळा पडदा हवा आहे. अजून बोलावणं नाही. येईलच असंही नाही. खरं तर हातात सध्या चार अभ्रे आहेत आणि एका छत्रीची दुरुस्ती. कारखान्यात निदान उद्या काय शिवायचं ते आज माहीत असायचं.

काय ठरलं, असं हे विचारत नाहीत. पण पलंग अजून आडवा केलेला नाही. तुम्हाला आम्ही गॅलरीतच निजवलं, ते तू लिहिलं नाहीस. उपकार.

मी सकाळी ठरवते.

तू टाळ्या वाजवल्यास, तेवढी ऊब पुरेशी आहे. कमी पडली तर मागून घेईन.

तुझी
ठकी

ता. क. ३१ मार्च. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी कारखान्यात जाऊन मास्तरांना नाही सांगितलं. माझी कात्री खणात होती, ती मागून घेतली. निघताना माझ्या मशीनवर एक नवीन बाई येऊन बसली होती, तिच्या कॉलरचं टोक नीट निघत नव्हतं. तिला एक करून दाखवली आणि घरी आले.