दर महिन्याला नवा चुडा

भिंगार, ३ नोव्हेंबर १९४४
आले एकदाची सासरी! अकोल्याहून मोटारीने हाडं खिळखिळी झाली, पण घर बघून शीण गेला. दोन खोल्या, परसात पेरू, दाराशी नळ. हे लष्कराच्या कोठारात कारकून. बिजवराला दिली म्हणून गावच्या बायका हळहळत होत्या. येऊन बघा म्हणावं! सवत शांत राहावी म्हणून तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात बांधलाय. बिचारी तापाने गेली. शेजारी जाऊन बसायचं नाही असं यांनी बजावलं, लोक चहाडखोर आहेत म्हणे. किती जपतात मला!

१४ नोव्हेंबर
मुबारकबी नावाची बांगडीवाली आली. चुडा भरताना माझं मनगट इतकं निरखत होती की मला तिचाच संशय आला. घरभेदी असणार. काळंनिळं कशानं झालं, असं विचारलंन. दार लागलं म्हटलं. खरं तर भात करपला म्हणून यांनी हात पिरगाळला. चूक माझीच होती.

२ डिसेंबर
यांनी पुन्हा हात पिरगाळला, आठ बांगड्या पिचून वाढल्या. शेजारच्या लंकाबाई अंगारा घेऊन आल्या. यांनी त्यांना सांगितलंय की मला सवतीची बाधा आहे, तीच बांगड्या फोडते, ही ओरडली तरी कुणी येऊ नका. मी अंगारा लावून घेतला. पण मला पिरगाळणारा हात दिसतो, आणि तो सवतीचा नाही. मग हे असं का सांगून ठेवतात?

९ डिसेंबर
हे कामावर गेल्यावर मुबारकबी आली. चुडा भरता भरता हळूच म्हणाली, “दार लागलं म्हनणारी लई मनगटं बघितली म्या, पोरी. तुज्या सवतीला बी दर म्हयन्याला भरत हुते. मरायच्या आदल्या दिशी बी भरला. ताप न्हवता तिला. गळ्यावर बोटं हुती.”
इथे राहू नकोस, माझ्या घरी चल, भावाला निरोप धाडू, असं म्हणाली. आणि हिला मी घरभेदी म्हटलं! सोमवारी दुपारी जायचं ठरलंय.

११ डिसेंबर, सोमवार
हे कामावर गेलेच नाहीत. कोण येऊन गेलं ते विचारत होते. मी सांगितलं नाही.
गळा — पाणीही गिळवत नाही.

१२ डिसेंबर
बाहेरून कडी. हिला वेड लागलंय असं गल्लीभर सांगितलंय. कुणीच येणार —

१३ डिसेंबर, सकाळ
अंगणात बायका! मुबारकबी पुढे. लंकाबाईसुद्धा. हे म्हणतायत, झोपलीय ती. मुबारकबी म्हणते, बरी हाय आसं तिच्या तोंडून ऐकू, मगच जाऊ.
हे आत येऊन गेले. बरी आहे एवढंच म्हण, नाहीतर — पुन्हा कडी.
सगळ्या माझी वाट बघतायत. ओरडते, पण आवाज निघत नाही —
लंकाबाई म्हणतायत, चला. नका जाऊ. मी जिवंत — नका ना —
पाट उचलते. दारावर —