साध्या पाण्यावरच्या सहा कोंबड्या

कवडू,

आशीर्वाद लिहिण्याइतकं मन आज मोठं नाही, म्हणून नुसतं नाव.

तुझ्या शेडातली जाळी पायाला लागली, त्याला तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात, जंतू औषधांना दाद देत नाहीत, उद्या अंगठा काढावा लागेल. निकामी ठरलेल्या औषधांच्या यादीत एक नाव ओळखीचं निघालं. आभाळ आलं की तेच औषध मी तुझ्या तीन हजार धडधाकट कोंबड्यांच्या पाण्यात कालवायची. "बिमार पडाच्या आधीच देलेलं बरं, ताई," म्हणायचास. दहावी नापास डॉक्टर तू.

काल दवाखान्यात रस्सा आणलास. "बिनधास्त खा, घरची कोंबडी हाय, शेडातली नाई." स्वतःच्या ताटासाठी सहा कोंबड्या साध्या पाण्यावर वेगळ्या वाढवतोस, म्हणजे तुला सगळं कळतं. शेडातल्या खायला आर्वीचे लोक आहेतच.

निघताना हळूच विचारलंस, "डॉक्टरले शेडाचं नाई सांगितलं ना?" अंगठ्याचं विचारलं नाहीस. मी नाही म्हणाले, तसा तू सुटल्यासारखा हसलास.

हे पत्र तुला पाठवत नाही, कारण तू सावध होशील. सकाळी डॉक्टर आले की त्यांनाच वाचून दाखवीन.

तुझी बहीण, नाइलाजाने,
रत्नमाला