डाव्या बाजूची गळवं

दादा,

मेंढपाळकाकांच्या अकरा मेंढ्यांच्या मानेवर गाठी आल्या आहेत. सुई घालून पाहिली तर पू निघाला. लस टोचताना सुई न बदलल्याची ही गळवं. आठ मी चिरून, धुऊन, आयोडीन भरून आले. शेवटी काका म्हणाले, "ताई, या मेंढ्या तुम्हीच टोचल्यात म्हणे. दादा सांगत होते."

लस टोचायला कळप आपण दोघांनी वाटून घेतला होता. सगळी गळवं डाव्या बाजूला आहेत. मी कायम उजवीकडे टोचते. डावखुरा आपल्या घरात एकच आहे.

उरलेल्या तीन तू चीर. पू मेंढवाड्यात सांडू देऊ नकोस. पण आधी काकांना खरं सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, बहीण भावावर ढकलते आहे.