डावा पाय जरासा घासत

ता. ३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आपल्या सिनेमाची कच्ची प्रत पाहिली. तुझ्या स्टुडिओनं आवाज काय भरलेत! त्यातही खुन्याची पावलं. डावा पाय जरासा घासत येतो, दारापाशी थांबतो, आणि मीच लिहिलेल्या प्रसंगाला मीच खुर्चीत पाय वर घेतले. ही पावलं कुणी टाकलीत रे? त्याला माझा सलाम सांग.

आता घरचं. फोनवर बोलवत नाही, ही घरातच असते. दादा, ही बदललीय. मी आलो की फोन उपडा ठेवते. गच्चीवरच्या खोलीला आतून कडी. दुपारी काय करत होतीस विचारलं, तर म्हणे कपडे वाळत घालत होते. आणि दोरी रिकामी! उपडा फोन, बंद खोली, नको तितकं गोड हसू. इतकी वर्षं थरारपट लिहितोय. तिसरा माणूस असल्याशिवाय हे एकत्र येत नाही.

लोभ असू दे. या घरात सध्या त्याचाच तुटवडा आहे.

तुझा,
धाकटा

ता. ७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पटकथेत पहिला संशयित कधी खरा निघालाय का? ज्याच्याकडे सगळे बोट दाखवतात, तो बिचारा मध्यंतराला मरतो. खरा गुन्हेगार म्हणजे सुरुवातीपासून नायकाच्या खांद्यावर हात ठेवून धीर देणारा. या सूत्रावर पोट भरतोस आणि उंबरा ओलांडला की विसरतोस?

स्टुडिओत झाडू मारता मारता कान तयार केलेत मी. तुझ्या कागदातूनही दात खाल्ल्याचा आवाज येतोय. सिनेमा लागेपर्यंत तोंड उघडू नकोस.

कळावे, आणि जमल्यास वळावे.

दादा

ता. १५ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तोंड उघडलं. काल लवकर घरी आलो, तर गच्चीवरच्या खोलीत पुरुषाचे बूट चालत होते. जड, सावकाश, घर स्वतःचं असल्यासारखे. दार ठोठावलं, एकदम चिडीचूप. हिनं उघडलं ती अनवाणी, घामाघूम. मी पडद्यामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. माणूस पसार, पण बूट कपाटात सापडले! काळे, थोराड, आणि टोकात चिंध्यांचा बोळा. म्हणजे गृहस्थाचं पाऊल एवढंसं आणि ऐट पहिलवानाची. असल्या बुटक्यापायी?

मी नको ते बोललो. ही एवढंच म्हणाली, की पटकथा छान आहे, फक्त नायक मूर्ख आहे. रविवारी माहेरी चाललीय. मी अडवणार नाही. तुझं उत्तर त्याआधी आलं तर बरं.

धाकटा

ता. १६ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नंतर.

ते बूट माझे आहेत.

बस खाली. धीर देणारा सापडला ना? फोन केला असता, पण तू मध्येच तोडतोस. कागदाला तोडता येत नाही. म्हणून माणसाहाती पाठवतोय.

मागं घरी आलो होतो, तेव्हा तुझी बायको जिना उतरली, तुझ्यावर रुसून. काही विसरलं म्हणून चढली आणि हसत उतरली. मी पाठमोरा होतो. मला दोन वेगळ्या बायका ऐकू आल्या. पडद्यावरच्या माणसाची पावलं आम्ही मागाहून चालून भरतो, तुला ठाऊकच आहे. तुझा खुनी मला जमेना, ढेरी आड येते. तिला बूट दिले. ती त्या खोलीत चालते, ध्वनिमुद्रण मला पाठवते; शेवटचे काही प्रसंग अजून बाकी आहेत. त्या बुटक्याला तू आधीच सलाम ठोकलायस.

लपवायचं तिनंच ठरवलं. पडद्यावर तिचं नाव आलं की शेजारच्या खुर्चीतलं तुझं तोंड तिला बघायचं होतं. थांबव तिला. आणि तुझ्या सिनेमातलं एकही वाक्य वापरू नकोस.

दादा

ता. २० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बोललो. वाक्य एकही धड झालं नाही. हिनं ऐकून घेतलं आणि बॅग उचलून आतल्या खोलीत गेली. बाहेर नाही, आत; पण दार लावलं.

मत्सर गेलेला नाही, दादा, नुसता पत्ता बदललाय. रोज याच घरात ती चालते, आणि ऐकलीस तू, एका जिन्यात. जळतो मी तुझ्यावर.

आज दुपारी मी लिहायला बसलो होतो. तिच्या चपला माझ्या दारापर्यंत आल्या, थांबल्या. राग होता की हसू, मला कळेना. तुला कळलं असतं. मग हळूच डावा पाय घासला. त्या खुन्यासारखा.

माझ्या प्रत्येक पटकथेत लिहिलेलं असतं, की अशा वेळी दार उघडू नये.

उघडलं.

लोभ आहेच, तो आता थोडा मत्सरासकट सांभाळावा. बूट परत मिळणार नाहीत.

तुझा,
धाकटा